एका दाताचा सौदा

हिरो एक्सपल्स 200 बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी तिच्या लांब सस्पेन्शनचं कौतुक करतं, पुढच्या 21 इंची चाकावरून हात फिरवतं, आणि मग विचारतं, "टॉप किती जाते?" एकटा माणूस, सपाट रस्ता, समोरून वारा नाही, अशा दिवशी मीटरवर 115 च्या आसपास आकडा दिसतो. त्यापुढे गाडी नुसतीच ओरडते. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "स्प्रॉकेट बदललं तर?"

प्रश्न गॅरेजचा आहे, उत्तरही गॅरेजातच मिळतं. पण त्या उत्तराच्या पोटात एक जुना वाद दडलेला आहे, आणि तो गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे, जैन श्रावकाच्या व्रतांत आहे, ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात आहे. मोजकीच ताकद घेऊन जन्माला आलेल्याने काही मिळवण्यासाठी काही सोडलं, तर त्याला त्याग म्हणायचं की सौदा?

ताकद मोजकी म्हणजे किती, ते आधी पाहू. चार व्हॉल्व्हच्या एक्सपल्सचं इंजिन 199.6 सीसीचं आहे. मिनिटाला 8500 फेऱ्यांना ते 19.1 पीएस, म्हणजे साधारण 19 घोड्यांची ताकद देतं, आणि गाडीचं वजन 158 किलोच्या घरात. हिरोने 2011 मध्ये 150 सीसी वर्गातली 'इम्पल्स' आणली होती, तेव्हा डांबर आणि माती दोन्हीकडे चालणारी स्वस्त गाडी हा प्रकारच आपल्याकडे नवा होता आणि लोकांनी तिला फारसं मनावर घेतलं नाही. 2019 मध्ये एक्सपल्स आली ती कार्ब्युरेटरसह 97 हजारांना, शोरूमच्या भावाने. एवढ्या पैशांत नदीचं पात्र ओलांडायचं, घाट चढायचा, ऑफिसला जायचं आणि शनिवारी हायवेवर इतरांच्या बरोबरीने पळायचं, अशा चार अपेक्षा एकाच इंजिनाकडून. पहिल्या तिन्ही ते निभावतं. चौथीपाशी अडतं, आणि तिथून स्प्रॉकेटची गोष्ट सुरू होते.

इंजिनातून बाहेर येणाऱ्या दांड्यावर एक छोटं दातेरी चक्र, मागच्या चाकावर एक मोठं, आणि दोघांवरून फिरणारी चेन. गॅरेजात या सगळ्याला मिळून 'चेन-स्पॉकेट' म्हणतात. जुने मिस्त्री अजून 'गरारी' म्हणतात. पुढे 13 दात आणि मागे 40 अशी जोडी धरली, तर मागचं चाक एकदा फिरेपर्यंत पुढचं चक्र तीनहून थोडं जास्त वेळा फिरतं, प्रमाण 3.08. पुढचं चक्र 14 दातांचं केलं की ते 2.86 वर येतं. इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी साडेसात टक्के जास्त अंतर कापते, आणि चाकाला मिळणारा रेटा सात टक्क्यांनी घटतो. 12 दातांचं केलं की उलटं : प्रमाण 3.33, रेटा आठ टक्क्यांनी जास्त, अंतर तेवढ्याच मानाने कमी. पुढचा एक दात मागच्या तीन दातांच्या तोडीचा असतो, म्हणून लोक पुढचंच बदलतात. काही शे रुपयांत आणि तासाभरात काम होतं.

भोरच्या रस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजात हे काम चालू असताना उभं राहून बघावं. मिस्त्री आधी गिअरचा पाय काढतो, मग डावीकडचं कव्हर. आत चेनचं तेल आणि घाटातली धूळ यांचा मिळून झालेला काळा लगदा असतो. तो पेचकसाने खरवडून वर्तमानपत्रावर टाकतो. गाडी गिअरमध्ये घालून हाताखालच्या पोराला मागचा ब्रेक दाबून धरायला सांगतो, नाहीतर बोल्ट सुटण्याऐवजी दांडाच फिरायला लागतो. लॉक प्लेटचे दोन बोल्ट निघाले की चक्र हातात येतं. ते हजारो किलोमीटर चाललेलं असेल तर दातांची टोकं एका बाजूला झुकलेली असतात, वाघनखासारखी. मागच्या ॲक्सलचा नट ढिला करून चाक पुढे ढकलायचं, चेनला सैलपणा द्यायचा, नवं चक्र बसवायचं, चाक परत मागे ओढायचं. शेवटी खालच्या बाजूची चेन मधोमध बोटाने वर उचलून ढील बघायचा. मिस्त्री पट्टी लावत नाही, बोटाला कळतं.

या सगळ्यात इंजिनाला कोणी हातही लावलेला नसतो. 19.1 पीएस होते, तेवढेच राहतात.

ही गोष्ट माणसाला पटायला फार वेळ लागला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने यंत्रशास्त्रावर ग्रंथ लिहिला. मूळ ग्रीक हरवलं आणि तो ग्रंथ अरबी अनुवादातून आपल्यापर्यंत पोचला. पाच टॅलंटच्या जोराने हजार टॅलंटचं ओझं उचलणारी दातेरी चक्रांची रचना त्यात आहे. जोर दोनशे पट वाढतो खरा, पण काम तितकंच मंद होतं, हेही हेरॉनने तिथेच सांगून टाकलं. तरीही पुढची पंधरा शतकं यंत्र बनवणारे मनात एक आशा बाळगून होते, की चक्रांची कुठली तरी जोडणी अशी सापडेल की रेटाही वाढेल आणि वेळही वाचेल. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पादुआला शिकवत असलेल्या गॅलिलिओने यंत्रांवरच्या आपल्या छोट्या पुस्तकाची सुरुवातच या आशेला टाचणी लावून केली. थोड्या बळाने मोठं ओझं हलवून आपण निसर्गाला फसवलं, असं मानणारे कारागीर स्वतः फसलेले असतात, हा त्याचा मुद्दा. यंत्राचा उपयोग त्याने नाकारला नाही. माणसाकडे बळ कमी आणि वेळ भरपूर असेल, तर यंत्र ती अदलाबदल करून देतं. आजही 'पिकअप पण वाढतो आणि टॉप पण' असं सांगून चक्र विकणारा दुकानदार भेटतो, तो गॅलिलिओच्या आधीच्या काळातला समजावा.

आता 14 दातवाल्यांकडे वळू, कारण त्यांची गोष्ट जास्त बोधप्रद आहे आणि थोडी विनोदीही.

वेगाच्या आड येते ती मुख्यतः हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला पुरून उरायला लागणारी शक्ती घनाने. 100 वरून 120 वर जायचं तर वेग वीस टक्क्यांनी वाढतो, पण हवेपायी लागणारी शक्ती सुमारे 73 टक्क्यांनी. 115 ला सगळे 19 घोडे खर्ची पडत असतील, तर 130 साठी 27 च्या पुढे घोडे लागतील, आणि ते कुठल्याही चक्राच्या दातांत मिळत नाहीत. त्यातून अशा गाडीवर माणूस ताठ बसतो, हँडल रुंद असतं, छाती म्हणजे उघडं दारच. कंपनीने मूळ जोडी बेतताना साधारण हे पाहिलेलं असतं, की वरच्या गिअरमध्ये इंजिन आपल्या सर्वाधिक ताकदीच्या फेऱ्यांच्या आसपास हवेशी झुंजेल. पुढे 14 दात लावले की त्याच वेगाला इंजिन कमी फेऱ्यांवर येतं, म्हणजे ताकदीच्या शिखराखाली. मग ते ओढत नाही. पाचव्या गिअरमध्ये गाडी जेमतेम 100 धरते, समोरून वारा आला की 90, आणि चालक चौथ्यात परत येतो. टॉप वाढवायला गेला आणि टॉप घटला. पाचवा गिअर उरला तो उतारापुरता.

उलटही घडतं. काही गाड्यांची मूळ जोडी इतकी उंच असते की एक दात कमी केल्यावर त्यांचा खरा टॉप वाढतो. काही इतक्या ठेंगण्या असतात की वरच्या गिअरमध्ये इंजिन उगाच किंचाळत असतं, तिथे एक दात वाढवणं शहाणपणाचंच. शिवाय 14 दात लावणारा प्रत्येक जण वेगासाठी लावत नाही. 80 ला इंजिन शांत चालावं, हाताला मुंग्या कमी याव्यात एवढंच कित्येकांचं म्हणणं असतं, आणि ते त्यांना मिळतंही. फजिती होते ती आकड्याच्या मागे लागलेल्याची. हेन्री सिज्विक या इंग्रज तत्त्वज्ञाने 1874 च्या नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात सुखाबद्दल नेमकं हेच नोंदवलं होतं : सुखावरच डोळा ठेवून बसलेल्याला सुख कमी मिळतं. त्याला याचं कारण मनाच्या घडणीत शोधावं लागलं. मोटारसायकलवाल्याला ते वेगाच्या घनात सापडतं.

बरं, हा आकडा वापरायचा कुठे? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला मज्जाव आहे. समृद्धी महामार्गावर आहे, अटल सेतूवर आहे. केंद्राने 2018 मध्ये काढलेल्या वेगमर्यादांनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलला ताशी 80 आणि इतर रस्त्यांवर 60 ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे 115 की 125 हा वाद महाराष्ट्रात ज्या प्रदेशाबद्दल चालतो, त्या प्रदेशात कायद्याने पाऊलच ठेवता येत नाही. कायद्याचं सोडा, मीटरचंही तेच. मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये, थोडं जास्त दाखवलं तर चालेल, असं आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात. त्यामुळे ज्या 115 चा अभिमान वाटतो, त्यातले काही किलोमीटर नियमावलीने दान दिलेले असतात. ज्या गाड्यांत वेगाची मोजणी गिअरबॉक्सकडून होते, तिथे पुढचा दात वाढवल्यावर मीटर उलट कमी सांगायला लागतं. चालक हळहळतो, की वेग तर वाढलाच नाही. वेग तोच असतो, खोटं बोलणारा फक्त बाजू बदलतो.

या गाडीचं खरं काम वेगळीकडे आहे. भोरहून नीरा-देवघर धरणाच्या कडेकडेने वरंधा घाटात उतरावं. पावसाळ्यात दरडी कोसळून हा घाट वरचेवर बंद होतो आणि उघडतो तेव्हा रस्त्यात जागोजागी माती, खडी, पाण्याचे ओघळ. घाटाखाली महाडच्या बाजूला शिवथरघळ आहे; समर्थ रामदासांनी दासबोध तिथे सांगितला अशी परंपरा. आजूबाजूच्या वाड्यांकडे जाणाऱ्या कच्च्या चढांवर ताशी दहाच्या वेगाने जायचं असतं. मूळ जोडीवर पहिल्या गिअरमध्येही इंजिन तिथे बंद पडायला बघतं, म्हणून माणूस हाफ क्लचवर गाडी खेळवत राहतो, क्लच प्लेटचा जळका वास येतो, आणि मागे कोणी बसलेलं असेल तर त्याला उतरून चालावं लागतं. 12 दात लावलेली गाडी तोच चढ क्लच पूर्ण सोडून, टुकटुक करत चढते. आठ टक्के हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो, पण गाडी बंद पडणं आणि न पडणं यांतलं अंतर कित्येकदा तेवढंच असतं.

मग 12 बरोबर, 14 चूक? इथे सोनाची गोष्ट आठवते. पाली ग्रंथांत सोन कोळिविस नावाचा श्रीमंत घरातला भिक्षू आहे, चंक्रमण, म्हणजे येरझाऱ्या घालत ध्यान, करून करून ज्याचे तळवे रक्तबंबाळ झाले होते. बुद्धाने त्याला विचारलं ते वीणेबद्दल, कारण घरी असताना तो वीणा चांगली वाजवायचा. तार फार ताणली तर वाजते का? फार सैल सोडली तर? चेनचा ढील पाहणाऱ्या मिस्त्रीच्या बोटाला हे उदाहरण वेगळं समजावून सांगायला नको. मात्र या गोष्टीतून लोक सहसा जो अर्थ काढतात, की सगळ्यात अधलंमधलं धरावं, तो फारच ढोबळ आहे. तार अर्धी ताणायची नसते, तिच्या सुरापर्यंत ताणायची असते. चेनचंही तसंच. लांब सस्पेन्शनच्या गाडीला ढील जास्त ठेवावा लागतो, कारण खड्ड्यात चाक वर आलं की पुढचं चक्र, स्विंग आर्मची खीळ आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात आणि त्या क्षणी चेन सर्वांत ताणली जाते. उभ्या गाडीवर जो ढील बावळट वाटतो, तो खड्ड्यात बरोबर असतो.

ॲरिस्टॉटलने हे आणखी रोखठोक सांगितलं. दहा मिना अन्न जास्त आणि दोन मिना कमी, म्हणून तालीम देणारा सगळ्यांना सहा मिना वाढत नाही. मायलोसारख्या मल्लाला सहा अपुरे पडतील आणि नवशिक्याला जड जातील. मध्य असतो तो आपल्या संदर्भातला, अंकगणितातला नव्हे. म्हणून 13 हा 12 आणि 14 यांच्या मध्ये आहे एवढ्यावरून तो सुवर्णमध्य ठरत नाही. पंचाहत्तर किलोच्या, एकट्याने सातारा रस्त्याने ऑफिसला जाणाऱ्या माणसाचा मध्य एक, आणि बायको, तंबू आणि दोन बॅगा घेऊन स्पितीला निघालेल्याचा दुसरा. कंपनीने दिलेला 13 हा कोणाचाच मध्य नाही. तो सरासरी गिऱ्हाइकाचा आहे, आणि सरासरी गिऱ्हाईक कधी शोरूममध्ये आलेलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर वाद इथेच मिटला असता. पण 12 दात लावलेल्यांत एक वेगळाच डौल येतो. "मी वेग सोडला," असं ते सांगतात, आणि सांगण्यात संन्याशाचा थाट असतो. हा त्याग आहे का, हे तपासायला हवं.

गीतेच्या अठराव्या अध्यायाची सुरुवातच अर्जुनाच्या या शंकेने होते, की संन्यास कशाला म्हणायचं आणि त्याग कशाला. कृष्ण त्यागाचे तीन प्रकार करतो : मोहापोटी केलेला तामस, शरीराला कष्ट नकोत म्हणून केलेला राजस, आणि नेमून आलेलं काम करत राहून आसक्ती व फळ सोडणारा सात्त्विक. कोणीतरी लावले म्हणून आपणही 12 दात लावणारा, आणि त्यानंतर वाकड ते हिंजवडी सोडून कुठेच न जाणारा, पहिल्या प्रकारात बसवायला हरकत नाही. विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी जी उतरवून घेतली, त्यांत फलत्यागावर त्यांचा भर आहे. फळावरची नजर काढली की काम ढिलं पडत नाही, उलट अधिक नेटकं होतं, हा त्यांचा युक्तिवाद. पुढे 1951 पासून तेरा वर्षांहून जास्त काळ त्यांनी भूदानासाठी पायी देश पालथा घातला, तेव्हा वेग सोडण्याबद्दल बोलायचा अधिकार त्यांना होता. या कसोटीवर 12 दातवाला उतरत नाही. त्याने फळ सोडलेलं नाही, एक फळ देऊन दुसरं घेतलं आहे.

जैन आचार्यांनी तर ही पळवाट आधीच बुजवून ठेवली आहे. गृहस्थाच्या व्रतांत दिग्व्रत नावाचं एक व्रत आहे. पूर्वेला इतकी योजनं, पश्चिमेला इतकी, वर इतकं, खाली इतकं, यापलीकडे मी जाणार नाही, अशी मर्यादा श्रावक स्वतःला घालून घेतो, म्हणजे त्या बाहेरच्या जीवसृष्टीला आपल्यापासून उपद्रव नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे दोष मोजले आहेत आणि त्यांत एक आहे क्षेत्रवृद्धी. टीकाकार तो असा उलगडतात : पूर्वेकडची मर्यादा थोडी कमी करून तेवढी पश्चिमेकडे वाढवून घेणं. एकूण बेरीज तीच राहते, तरी व्रताला डाग लागतो. कारण व्रत घेणाऱ्याला हवं असेल तिकडे सरकवता येते, ती मर्यादा नव्हेच.

स्प्रॉकेट बदलणं ही शुद्ध क्षेत्रवृद्धी आहे. वरच्या टोकाचं कापून खालच्या टोकाला जोडलं, बेरीज तीच.

तर तो सौदा आहे. पण सौद्याला कमी लेखण्याचं काही कारण नाही. आपली ताकद कुठे खर्च करायची हे उघड्या डोळ्यांनी ठरवणं हे माणसाच्या हातातलं मोठं काम आहे, आणि बहुतेक माणसं तेही करत नाहीत. जी जोडी लागून आली तिच्यावरच चालवतात. त्याग सुरू झालाच तर तो सौद्यानंतर सुरू होतो. 12 दात लावून घाट चढून आलेला माणूस परतीच्या वाटेवर खेड-शिवापूरच्या सपाटीला लागतो, शेजारून एक कार जाते, आणि तो तिच्या मागे लागून इंजिन तांबड्या रेषेपर्यंत पिळतो. इंजिन 8500 च्या वर किंचाळतंय, तेल तापतंय, लहान चक्रावरून तीव्र कोनात वळणारी चेन आधीच लवकर झिजणार असते ती आणखी झिजतेय. त्याला दोन्ही टोकं हवी आहेत. त्या सपाटीवर जो 75 ला निवांत राहतो आणि त्या बदल्यात काही मिळावं अशी अपेक्षा ठेवत नाही, त्याच्याबद्दल गीतेचा शब्द वापरता येईल.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा, आणि तो या निबंधाच्या मुळावर येणारा आहे. हे सगळं स्वस्त गाडीवाल्यालाच का ऐकवायचं? वीस लाखांच्या, 1250 सीसीच्या गाडीवर बसलेल्या माणसाला कोणी समाधानाची प्रवचनं देत नाही. त्याला दात मोजावे लागत नाहीत, घाटही चढतो आणि 150 पण गाठतो. समाधान हा सद्गुण आपल्याकडे नेहमीच खालच्या गिअरमधल्या लोकांना वाटला गेला. ज्याला लाखभर रुपयांत सगळं बसवायचं आहे त्याने चौकशी केली, की बाबा, आणखी थोडं निघेल का यातून, तर त्यात हाव कुठे आली?

बाबासाहेब आंबेडकरांनी हे फार स्पष्ट मांडलं. त्यांच्या निधनानंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्धा अँड हिज धम्म'मध्ये ते बजावतात, की बुद्धाने दारिद्र्याला धन्य म्हटलेलं नाही आणि गरिबांना समाधानी राहा असंही सांगितलेलं नाही. संपत्ती यावी, पण ती मिळवण्याला विनयाचं बंधन असावं, असं त्यांचं वाचन आहे. शिवथरघळीतून रामदास काही वेगळं सांगत नाहीत. प्रयत्नाला देव मानणारा तो माणूस, 115 वर समाधान मान असं म्हणणाऱ्याला त्याने करंटा म्हटलं असतं. तेव्हा वेग वाढवायची इच्छा ही पापाची धनी नाही. ती पुरी करायचा मार्ग मात्र चक्राच्या दातांतून जात नाही, तो इंजिनातून जातो. हिरोनेही 2025 च्या जानेवारीत तेच केलं : एक्सपल्स 210 आली ती 24.6 पीएस आणि सहा गिअर घेऊन. खालचा गिअर घाटासाठी, वरचा सपाटीसाठी, मधली दरी भरायला एक पायरी जास्त. तिची किंमत पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. निसर्गाने फुकट काही दिलं नाही, शोरूमनेही नाही. आणि ज्याला हप्ते झेपत नाहीत, त्याच्यापुढे 12, 13, 14 हाच पर्याय राहतो. त्याच्या हिशेबीपणाला वैराग्य म्हणून गौरवणं हीसुद्धा एक प्रकारची लबाडीच.

लडाखला जाणारे या वादातून एक व्यवहारी वाट काढतात. साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. खारदुंग ला 5,359 मीटरवर आहे, उमलिंग ला 5,800 च्या जवळ. फ्युएल इंजेक्शन हवेच्या मानाने पेट्रोल कमी करून गाडी चालती ठेवतं, पण नसलेली हवा आणून देत नाही. 19 घोड्यांतले दहाच्या आसपासच हजर राहतात. पुण्यात जो चढ दुसऱ्या गिअरचा, तो तिथे पहिल्याचा होतो, आणि जो पहिल्याचा, तो ढकलायचा. म्हणून काही जण 13 वरच पुण्याहून निघतात, बॅगेत कपड्यांच्या घडीत 12 दातांचं चक्र ठेवतात, आणि लेहला पोचल्यावर हॉटेलच्या अंगणात ते बदलून घेतात. चेन तीच चालते. एक दात कमी झाल्याने चाक तीन-चार मिलिमीटर मागे ओढावं लागतं, ॲडजस्टरमध्ये तेवढी जागा असते. परतताना मनालीला पुन्हा 13.

धर्मशास्त्रात रोजचं कर्म नित्य आणि प्रसंगाने आलेलं नैमित्तिक. लेहमधला तो तास मीमांसक बहुधा नैमित्तिकात घालील. दिग्व्रताचा टीकाकार ऐकणार नाही, त्याच्या दृष्टीने ही जातायेता दोनदा केलेली क्षेत्रवृद्धी. मिस्त्री या दोघांनाही न विचारता ॲक्सलचा नट आवळतो, दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत का ते वाकून बघतो, आणि शंभर किलोमीटर झाल्यावर ढील पुन्हा तपासून घ्या म्हणून सांगतो.